फूटपाथवरच्या माणसांसाठी चालणाऱ्या मिशन केंद्रात दोन महिने: दिवस कसा जातो आणि अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नाशिकचे आहेत, वय चोवीस, नोकरी बदलताना मधले दोन महिने मोकळे. मुंबईत एका चर्चतर्फे चालणाऱ्या केंद्रात राहून काम करायचंय. केंद्र स्टेशनजवळ आहे. फूटपाथवर राहणाऱ्यांसाठी रोजचं जेवण, अंघोळ, मलमपट्टी, सरकारी दवाखान्यात सोबत जाणं, असं तिथलं काम. स्वतः ख्रिस्ती नाहीत. घरचे म्हणतात, ‘बाटवतील’. मित्र म्हणतात, ‘झेपणार नाही’. शिवाय कॅनडातली चुलत बहीणही महिनाभर यायचं म्हणतेय, तिचं कसं?

बाटवण्याचं आणि झेपण्याचं पुढे बोलूच. पण मला यात वेगळाच प्रश्न दिसतो: तुमच्या जाण्याने तिथलं काम हलकं होणार की वाढणार? नवा माणूस आला की पहिले आठ-दहा दिवस कुणीतरी आपलं काम सोडून त्याला शिकवत बसतं. म्हणून चार दिवसांसाठी येणाऱ्याला बरीच केंद्रं नाही म्हणतात. दोन महिने पुरतात, अट एवढीच की पहिल्या आठवड्यात भांडी घासायची आणि रांग बघायची तयारी हवी.

केंद्र कसलं आहे यावर बरंच अवलंबून आहे. सिस्टर्सनी (म्हणजे नन्सनी) चालवलेल्या निराधारांच्या घरात दिवस अंथरुणाला खिळलेल्यांच्या सेवेत जातो. वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलं, व्यसनमुक्ती केंद्रात कडक शिस्त. मी तुम्ही लिहिलंय तसल्या, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांच्या दिवसाच्या केंद्राबद्दलच लिहितोय.

मुंबईत हे काम जुनं आहे. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था, इथे १८८२ मध्ये आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे वस्तीसाठीचं समाजसेवा केंद्र चालवलं आणि त्याच अनुभवातून १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था उभी राहिली, जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘मिशनचं काम म्हणजे नुसती भावना, अभ्यास कशाला’ असं म्हणणारे स्वयंसेवक दरवर्षी भेटतात.

दिवस साडेपाचला सुरू होतो. सहा-सव्वासहाला छोटी प्रार्थना, मग चहा आणि लगेच स्वयंपाकघर. जेवण बहुतेक ठिकाणी साडेअकरा-बाराला वाढतात, म्हणजे चूल साडेआठला पेटायला हवी. शंभर माणसांच्या खिचडीला आमचा हिशेब असा: तांदूळ १० किलो, मूगडाळ ४ किलो, कांदा ३ किलो, तेल १ लिटर, हळद ५० ग्रॅम, पाणी ४५ लिटरच्या आसपास, तेही आधी उकळलेलं. घरच्या मापाने हे जास्त वाटतं. पण समोरच्या माणसाचं दिवसातलं पोटभर जेवण कदाचित तेवढं एकच असतं, आणि माणशी अर्धा किलो तरी ताटात पडायला हवं. मीठ एकदम ओतू नका. ३०० ग्रॅम घाला, शिजत आलं की चाखा, मग लागेल तसं वाढवा. तिखट कमीच ठेवा, कारण बऱ्याच जणांची तोंडं आलेली असतात. दातही धड नसतात, म्हणून खिचडी सैल हवी.

एकाच मोठ्या टोपापेक्षा दोन मध्यम टोप घ्या. मोठा टोप तळाशी लागतो, आणि एकदा करपल्याचा वास धरला की सगळं गेलं. दोन असले तर एक वाचतो. दुसरं म्हणजे साठ किलोचा गरम टोप उचलताना दोघांपैकी एकाचा हात सटकला तर पाय भाजतात. केंद्रातले अपघात रस्त्यावर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त होतात. अनवाणी किंवा सपाट स्लीपरवर स्वयंपाकघरात शिरू नका.

शिजलेली खिचडी दोन तासांत संपवायची, नाहीतर साठ अंशांच्या वर गरम ठेवायची. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. अन्न कोमट राहिलं की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘उरलंय, रात्री गरम करून देऊ’ हे बंद. लग्नाच्या हॉलमधून उरलेल्या अन्नाचे फोन येतात, विशेषतः मे महिन्यात. किती वाजता शिजलं हे सांगता येत नसेल तर नम्रपणे नको म्हणा. पनीर, खव्याची मिठाई आणि ओल्या खोबऱ्याची चटणी घेऊच नका. देणाऱ्याला राग येतो, येऊ दे. रस्त्यावरच्या माणसाला जुलाब झाले तर त्याच्याजवळ ना संडास, ना बदलायला दुसरे कपडे.

खरी परीक्षा रांगेत होते. भांडण होतं ते शेवटच्या वीसेक माणसांत, कारण टोपाचा तळ दिसायला लागतो. त्यावर उपाय टोकनचा. जेवणाआधी तासभर टोकनं वाटा, जितकी ताटं तितकीच. संपली की गेटवरच सांगा, ‘आज संपलं, उद्या दहाला या’. माणसाला तासभर उन्हात उभं करून खिडकीशी ‘संपलं’ म्हणालात तर तो जे बोलेल ते ऐकून घ्यावंच लागेल. बायका, लहान मुलं आणि कुबड्यांवरची माणसं यांची रांग वेगळी. कुणी म्हणेल, ‘माझा जोडीदार आजारी आहे, त्याचंही द्या.’ खरं-खोटं करत बसू नका. चार-पाच पार्सलं बाजूला ठेवलेली असावीत, ती संपली की संपली. त्याच माणसाने रोजच दोन मागितली तर दुपारी त्याच्याबरोबर जोडीदाराला बघायला जायचं. तिथे बहुतेक वेळा खरंच एक आजारी माणूस सापडतो.

रांगेत बोलताना ‘काका’, ‘मामा’, ‘मावशी’ म्हणा, नाव कळलं की नावाने. ‘ए बाबा’ नको. फोटो तर काढूच नका. दात्यांना फोटो हवे असतात हे खरं, पण टोपाचा फोटो पाठवूनही काम भागतं.

अंघोळीचा विभाग नव्यांना किळसवाणा वाटतो आणि आठवड्यात सवयीचा होतो. खरूज आणि उवा या दोन गोष्टी रोजच्या. खरजेला पाच टक्क्यांचं परमेथ्रिन मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून आठ ते चौदा तास ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. गाडी अडते ती कपड्यांवर. मलम लावून तेच कपडे, तेच कांबळं परत अंगावर आलं तर खरूज जात नाही. म्हणून बदलायचा जोड आधी हातात घ्या, मगच मलम लावायला घ्या. जुने कपडे गरम पाण्यात धुवा, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. देणगीत साड्या आणि लग्नातले शर्ट ढिगाने येतात, हव्या असतात त्या नाडीच्या पँटी, लुंग्या आणि नव्या चड्ड्या. नाशिकहून येताना मित्रांकडून काही गोळा करून आणणार असाल तर हेच आणा.

मलमपट्टी नर्स करते. तुम्ही हातमोजे घालून सामान द्यायचं, सलाईनने धुताना पाय धरायचा, नोंदवहीत लिहायचं. पायाची जखम दिसली की साखरेचा आजार आहे का, हे विचारायलाच हवं. मधुमेह्याच्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला तर भाजलेलं कळतही नाही. जखमेत अळ्या दिसल्या तर तोंड फिरवू नका. त्या माणसाला ते आधीच माहीत असतं आणि तो तुमच्याच चेहऱ्याकडे बघत असतो. चिमट्याने काढायचं काम नर्सचं किंवा डॉक्टरचं. अँटिबायोटिकची गोळी तुमच्या हातून कधीही जाऊ नये, कितीही ओळखीची वाटली तरी. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचं. तोवर त्याला मास्क द्या, खिडकीजवळ बसवा, स्वतः एन-९५ लावा.

येण्याआधीची लसीकरणाची यादी घरच्यांना दाखवा, त्यांना धीर येईल. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांत घेतला नसेल तर घ्या. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत पसरतात, म्हणून जायचं ठरताच पहिला घ्या. टायफॉइडची लस निदान दोन आठवडे आधी. पावसाळ्यात येत असाल तर गमबूट आणा. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालताना पायाला साधी चीर असली तरी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. तशा पाण्यात उतरावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आता दवाखान्याची सोबत. यात अर्धा दिवस जातो, कधी पूर्णही. ओपीडीला जायचं तर केसपेपरची खिडकी उघडण्याआधी पोचा. आदल्या दिवशी अंघोळ आणि स्वच्छ कपडे झालेले असतील तर वॉर्डातली वागणूक बदलते. हे बरं नाही, पण असंच आहे. जुने केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. केंद्रात प्रत्येकाच्या नावाची अशी पिशवी ठेवतात, कारण फूटपाथवर कागद एका पावसात जातात. वॉर्डातल्या मामा-मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांशी, आदराने बोला. स्ट्रेचर कुठे मिळेल हे त्यांनाच माहीत असतं.

काउंटरवर विचारतील, ‘नातेवाईक कोण?’ इथे नवा स्वयंसेवक हमखास अडकतो. दया येते, आणि तो ‘मीच’ म्हणून सही करून बसतो. करू नका. माणूस शुद्धीवर असेल तर संमतीची सही किंवा अंगठा त्याचाच. तुम्ही ‘सोबत आणणारा’ म्हणून नाव लिहा, आणि फोन नंबर केंद्राचा द्या, स्वतःचा नको. बेशुद्ध माणसाबाबत तातडीचे निर्णय घ्यायची डॉक्टरांची स्वतःची पद्धत असते, ती थांबत नाही. नातेवाईक म्हणून सही केली की शस्त्रक्रियेपासून डिस्चार्जपर्यंत सगळे तुम्हालाच शोधतात, आणि तुम्ही तर दोन महिन्यांनी नाशिकला परत. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करायला मात्र घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. रुग्णवाहिकेला १०८.

रस्त्यावर भान हरपून भटकणारा माणूस दिसला तर त्याला ओढून केंद्रात आणू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षण देऊन तपासणीला नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. केंद्राच्या माणसाबरोबर ठाण्यात जाऊन लेखी कळवा. एकटं मूल दिसलं तर १०९८. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, ‘केंद्राचं नाव खराब होईल’ हे कारण चालत नाही. आणि मुलांबरोबर बंद खोलीत एकट्याने कधीही बसायचं नाही. हा नियम मुलांसाठी आहे तसाच तुमच्यासाठीही.

‘बाटवतील’ या शंकेकडे येऊ. केंद्र चर्चचं आहे, तेव्हा सकाळची प्रार्थना होणार, भिंतीवर वचन असणार, रविवारी उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) असणार. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर शांत बसलात तर पुरे, ओठ हलवायची सक्ती नाही. मिस्सेत कम्युनिअन (पवित्र भाकर) घ्यायला किंवा प्रोटेस्टंट मंडळीत त्याच विधीला, म्हणजे प्रभुभोजनाला, पुढे जाऊ नका. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, पाहुण्याने बसून राहिलेलं कुणाला खटकत नाही. नीट चालणाऱ्या केंद्रात जेवणाला प्रार्थनेची अट नसते, ताटाबरोबर पत्रक दिलं जात नाही, आणि स्वयंसेवकाने रांगेत उपदेश करायचा नसतो. आम्ही हे काटेकोर पाळतो. भुकेल्या माणसाने म्हटलेलं ‘हो’ हे खरं ‘हो’ असतं असं आम्हाला वाटत नाही. शिवाय अनेक राज्यांत धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत, आणि त्यांत आमिषाची व्याख्या बरीच रुंद असते. कुणी स्वतःहून म्हणालं, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’, तर तुमची श्रद्धा नसताना नाटक करू नका. पाळकांना किंवा सिस्टरना बोलवा. घरच्यांसाठी फोनवर सरळ तीन गोष्टी विचारा: जेवणाला प्रार्थनेची अट आहे का, बिगरख्रिस्ती स्वयंसेवक सध्या किती आहेत, आणि रविवारी सुट्टी घेता येते का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरं केंद्र बघा.

याच्याच शेजारी एक जास्त धोक्याची गोष्ट आहे, ती ख्रिस्ती स्वयंसेवकांनाही सांगावी लागते. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेला जाऊन आलेला माणूस कधी कधी औषधं बंद करतो. टीबीच्या गोळ्या, इन्शुलिन, फिटचं औषध, मानसिक आजाराची औषधं. त्याच्या श्रद्धेशी वाद घालू नका, फक्त म्हणा, ‘प्रार्थना चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा’, आणि त्याच दिवशी नर्सला कळवा. दारूचंही तसंच. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस ‘आजपासून सोडली’ म्हणाला की सगळ्यांना आनंद होतो. पण एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, घाम, थरथर सुरू होऊ शकते. यात जीव जातो. त्याला खोलीत बसवून रात्रभर प्रार्थना करणं हा उपचार नाही. आधी रुग्णालय. प्रार्थना तिथे खाटेशेजारीही करता येते.

पैसे कुणालाही देऊ नका. दहा रुपयेही नाहीत. तुम्ही दिलेत की दुसऱ्या दिवशी तुमच्यानंतर उभ्या असलेल्या सिस्टरला शिव्या पडतात. ‘गावाला जायचंय, तिकिटाचं बघा’ हे रोज ऐकाल. त्याची रीत ठरलेली आहे: गावाचं नाव घ्यायचं, घरी किंवा पोलीस पाटलाला फोन लावायचा, तिकडून ‘येऊ दे’ आलं की केंद्रातलं कुणीतरी स्टेशनवर जाऊन जनरलचं तिकीट काढून गाडीत बसवून देतं. फोन न करता पाठवलेला माणूस बरेचदा आठवड्यात परत येतो, कारण घरून ज्याने हाकललं तो भाऊ अजून तिथेच असतो. कागदपत्रांबाबत एवढंच: आधार पूर्वी काढलेलं असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून ते शोधता येतं, म्हणून ‘हरवलं’ म्हणाला की नवं काढायच्या मागे लागू नका. कुणाची मूळ कागदपत्रं सांभाळायला घेतली तर नोंदवहीत दोघांची सही.

मृत्यूही होतात. रस्त्यावर दगावलेल्याचा पंचनामा पोलीस करतात, मृतदेह शवागारात जातो, नातेवाईक शोधले जातात. केंद्र चर्चचं म्हणून दफन, असं गृहीत धरायचं नाही. म्हणूनच पहिल्या भेटीच्या नोंदीत धर्म आणि गाव विचारलेलं असतं.

झेपण्याचं म्हणाल तर तरुण शरीराला काम जड नाही. थकवा साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो, नवलाई ओसरल्यावर. रोज जेवायला येणारा एक चेहरा अचानक येईनासा होतो, कुठे गेला कुणालाच ठाऊक नसतं, आणि अशा वेळी स्वयंसेवक सुट्टी घ्यायचं सोडून जास्त काम करायला लागतात. करू नका. आठवड्याची सुट्टी केंद्राबाहेर घालवा, लोकल पकडून कुठेही जा. राहण्याची सोय म्हणजे डॉर्मिटरी, बादलीने अंघोळ, रात्री नऊ-दहाला गेट बंद. तुमचा स्वतःचा नंबर रांगेतल्या कुणालाही देऊ नका. रात्री दोनला फोन आला तर तुम्ही एकटे काहीच करू शकणार नाही, आणि न उचलल्याची टोचणी वेगळी.

कॅनडातल्या बहिणीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर तिला आधीच सांगा: २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकांना मिशनरी स्वरूपाच्या कामासाठी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. खिचडी वाढणं त्यात मोडतं का, हे तुम्ही-आम्ही ठरवू नये. केंद्राकडून तिच्या कामाचं लेखी वर्णन घ्या आणि तिकीट काढायच्या आधी त्या कार्यालयाला विचारा.

शक्य असेल तर दोन महिने ठरवण्याआधी एक शनिवार दिवसभर जाऊन बघा, सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत. बरोबर ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणीचा दाखला आणि दोन ओळखीच्या माणसांचे नंबर न्या. चांगली केंद्रं हे मागतातच, न मागणाऱ्यांबद्दल थोडं सावध राहा. आणि फोन दुपारी तीननंतर करा, सकाळी सगळे चुलीपाशी आणि रांगेत असतात.